त्वचेचा आजार आणि रक्तातला धोका

त्वचेचा आजार म्हणजे दिसण्याचा प्रश्न, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. खाज सुटते, चट्टे उठतात, लोक टक लावून पाहतात, लग्न जमायला अडचण येते. पण त्यामुळे कोणी मरत नाही, असे सगळे गृहीत धरून चालतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या त्वचारोग वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव वेगळा असतो. तिथे सर्वांगावरची त्वचा लाल होऊन सोलली गेलेले, अंगभर फोड फुटून कच्च्या जखमा झालेले, इसबाने सोललेल्या कातडीतून पाणी गळणारे रुग्ण येतात. त्यांतले काही दगावतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारण बहुतेक वेळा त्वचेचे नसते. तिथे लिहिलेले असते ‘सेप्सिस’.

मे २०२५ मध्ये जिनिव्हात भरलेल्या ७८व्या जागतिक आरोग्य परिषदेने त्वचारोगांना जागतिक सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय मानणारा ठराव मंजूर केला. जगात कोणत्याही वेळी १८० कोटींहून अधिक लोकांना त्वचेचा काही ना काही विकार असतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्यामागे होता. सोरायसिसवर २०१४ मध्ये आणि सेप्सिसवर २०१७ मध्ये याच व्यासपीठावर स्वतंत्र ठराव झाले होते. कागदावर हे तीन वेगळे विषय आहेत. रुग्णाच्या खाटेपाशी ते एकत्र येतात, आणि नेमकी तीच जागा आरोग्यव्यवस्थेच्या नजरेतून सुटते. त्वचारोगतज्ज्ञ त्वचा पाहतो, फिजिशियन ताप पाहतो, औषध दुकानदार मलम देतो. त्वचेतून रक्तात उतरणाऱ्या जंतूकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी मात्र कोणा एकाची नसते.

बांध नेमका कशाचा?

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण दीड ते दोन चौरस मीटर असते. तिचा सगळ्यांत बाहेरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी त्याची रचना. शरीरातले पाणी आत ठेवायचे आणि जंतू बाहेर ठेवायचे, ही दोन्ही कामे हा थर करतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तेही अनेक जंतूंना मानवत नाही. शिवाय त्वचेच्या पेशी स्वतः जंतुनाशक प्रथिनांचे लहान तुकडे तयार करतात. निरुपद्रवी जीवाणूंची एक वस्तीही तिथे कायम असते आणि ती घातक जंतूंना सहसा जागा देत नाही.

दाहजन्य त्वचारोगात या चारही गोष्टी बिघडू शकतात. भेगा पडतात, स्निग्ध थर विरळ होतो, आम्लता घटते, जीवाणूंच्या वस्तीचा तोल जातो. खाजवल्याने नखांचे ओरखडे उठतात. मग ज्या जंतूची सगळ्यांत जास्त धास्ती असते तो, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तिथे ठाण मांडतो.

हा जंतू दुर्मीळ नाही. निरोगी लोकांपैकीही साधारण तिघांत एकाच्या नाकात तो असतो आणि काही करत नाही. अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे लहानपणापासून चिवटपणे राहणारा इसब, असलेल्यांच्या चट्ट्यांवर मात्र तो सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले आहे. गळू, बेंड, पिकलेली जखम ही त्याची ओळखीची रूपे. तो रक्तात शिरला की मात्र गोष्ट पूर्ण बदलते. हृदयाच्या झडपा, मणके, सांधे, फुप्फुसे अशा कुठल्याही ठिकाणी तो घर करू शकतो. उपचार मिळूनही रक्तातल्या या संसर्गाने साधारण पाचपैकी एक रुग्ण दगावतो, काही ठिकाणी त्याहून अधिक. साधा, गुंतागुंत नसलेला संसर्ग असला तरी शिरेतून किमान दोन आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात. झडप किंवा हाड सापडले तर चार ते सहा आठवडे.

इथे दोन शब्दांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. रक्तात जीवाणू सापडणे ही एक स्थिती. त्या संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जाऊन मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू असे अवयव बिघडू लागणे म्हणजे सेप्सिस. पहिली स्थिती वेळेत पकडली तर दुसरी अनेकदा टळते. ‘लॅन्सेट’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी संबंधित होते. हे प्रमाण त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंच्या पाचव्या हिश्श्याएवढे आहे.

सगळे आजार सारखे नाहीत

त्वचेवर दाह दिसला म्हणजे धोका सारखाच, असे नाही. इसब आणि सोरायसिस यांची तुलना या बाबतीत बोलकी आहे. दोन्हींत त्वचा लाल होते, खवले सुटतात, खाज येते. पण सोरायसिसच्या चट्ट्यांवर जंतुसंसर्ग त्या मानाने कमी होतो. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासाने त्याचे एक कारण दाखवले. सोरायसिसच्या त्वचेत जंतुनाशक प्रथिनांचे प्रमाण भरपूर वाढलेले असते. इसबाच्या त्वचेत दाह असूनही ते कमीच राहते. इसबात शरीर जे संदेशरेणू सोडते, तेच या प्रथिनांची निर्मिती दाबून टाकतात. म्हणजे इसबाच्या रुग्णाची भिंतही पडलेली आणि पहारेकरीही रजेवर, अशी अवस्था.

म्हणून सोरायसिसचा रुग्ण निर्धास्त राहू शकतो, असे मात्र नाही. सोरायसिस सर्वांगावर पसरून त्वचेचा ९० टक्के किंवा त्याहून जास्त भाग लाल झाला, की त्याला एरिथ्रोडर्मा म्हणतात. इसब, औषधांची रिअ‍ॅक्शन, काही कर्करोग यांमुळेही ही अवस्था येते. त्यात त्वचेतून उष्णता, पाणी आणि प्रथिने सतत वाहून जातात. रुग्ण कुडकुडतो, पाय सुजतात, हृदयावर ताण येतो. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होते तशी त्वचाही निकामी होते, असे त्वचारोगतज्ज्ञ आता उघडपणे म्हणतात ते याच अवस्थेला उद्देशून. शिवाय तीव्र सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह आणि लठ्ठपणा यांचे प्रमाण जास्त असते, आणि मधुमेह हा स्वतःच जंतुसंसर्गाचा जुना सोबती आहे.

सगळ्यांत मोठा धोका पेम्फिगससारख्या फोडांच्या आजारात असतो. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला करते. तोंडात आणि अंगावर फोड येतात, फुटतात आणि उघडी जखम मागे राहते. १९५०च्या दशकात स्टेरॉइड हाती येण्यापूर्वी हा आजार बहुतेकांसाठी जीवघेणाच होता. १९८०च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. जे. एस. पसरीचा यांनी महिन्यातून सलग तीन दिवस शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देण्याची पद्धत रूढ केली आणि भारतातल्या असंख्य रुग्णांना तिने जगवले. आता रिटुक्सिमॅबसारखी औषधे आहेत. मृत्यूचे प्रमाण खूप घटले. पण आजही पेम्फिगसचा रुग्ण दगावतो तेव्हा मुख्य कारण जंतुसंसर्गच असते. उघड्या जखमा आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असे दुहेरी ओझे हा रुग्ण वाहत असतो.

या चित्रात प्रमाण सुटू नये. कोपराच्या घडीत इसब असलेल्या मुलाच्या किंवा गुडघ्यावर सोरायसिसचे दोन चट्टे असलेल्या माणसाच्या रक्तात उद्या जंतू उतरतील, असे मुळीच नाही. अमेरिका, ब्रिटन, डेन्मार्क अशा देशांतल्या मोठ्या नोंदींवर आधारित अभ्यासांत तीव्र आजार असलेल्यांना गंभीर जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळतो. पण प्रत्यक्षात असा संसर्ग होणाऱ्यांची संख्या थोडीच असते. आजार जितका पसरलेला, जितका अनियंत्रित आणि जितका काळ रुग्णालयात राहावे लागणारा, तितका धोका वाढत जातो. त्यामुळे काळजी करायची ती सगळ्यांची नव्हे. नेमक्या कोणाची, हे ओळखायचे.

ताप खरा की आजाराचा?

रक्तातला संसर्ग लवकर पकडायचा तर ताप, थंडी, नाडीचा वेग, पांढऱ्या पेशी, सीआरपी यांवर लक्ष ठेवायचे, असे वैद्यकशास्त्र शिकवते. तीव्र त्वचारोगात नेमक्या याच खुणा दगा देतात.

सर्वांग लाल झालेल्या रुग्णाला संसर्ग नसतानाही थंडी वाजते, कारण त्याची उष्णता त्वचेतून निघून जात असते. दाहामुळे सीआरपी आधीच वाढलेला असतो. स्टेरॉइड चालू असेल तर पांढऱ्या पेशी औषधानेच वाढतात आणि येणारा ताप मात्र औषधानेच दबतो. संसर्गाचा लालसरपणा पुस्तकांत गोऱ्या कातडीवर दाखवलेला असतो. सावळ्या त्वचेवर तो जांभळट, तपकिरी किंवा केवळ काळपट दिसतो आणि त्यावर आधीचे चट्टे असतील तर ओळखू येत नाही. मग वाढत जाणारे दुखणे, नव्याने येणारी सूज, पिवळी खपली, वास, एकाच जागी जास्त गरम लागणे या खुणांवर भिस्त ठेवावी लागते.

चूक उलट्या बाजूनेही होते. सोरायसिसचा एक प्रकार असा आहे, की अंगभर पिवळ्या पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठतात, तापही येतो, पांढऱ्या पेशीही वाढतात. पाहणाऱ्याला वाटते, संसर्गच आहे. पण त्या पुवात जंतू नसतो. तो शरीराच्या दाहाचा परिणाम असतो. अशा रुग्णाला एकामागून एक प्रतिजैविके दिली जातात आणि मूळ आजारावरचा उपचार लांबतो. लहान मुलांच्या इसबात अचानक एकसारख्या, ठोशाने पाडल्यासारख्या जखमा उठल्या तर तो हर्पिसचा विषाणू असू शकतो. त्यावर प्रतिजैविक चालत नाही, वेगळे विषाणूरोधक औषध लागते आणि तेही तातडीने.

या गोंधळातून मार्ग काढणारी तपासणी एकच आहे, ब्लड कल्चर. ती करण्यात मात्र दोन अडचणी येतात. पहिली, प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त घ्यायला हवे. आपल्याकडे रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तोवर गावातल्या दवाखान्यात दोन इंजेक्शने आणि तीन प्रकारच्या गोळ्या झालेल्या असतात. मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि डॉक्टरला अंधारात औषध निवडावे लागते. दुसरी, रक्त ज्या त्वचेतून घ्यायचे ती त्वचाच जंतूंनी भरलेली असते. सुईबरोबर वरचा जंतू बाटलीत गेला तर अहवाल खोटा ठरतो. म्हणून शक्यतो चट्टा नसलेल्या जागेतून, नीट स्वच्छ करून, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्यावे असा संकेत आहे. गर्दीच्या वॉर्डात एका परिचारिकेवर कितीतरी खाटांचा भार असतो. तिथे तो पाळला जाणे सोपे नसते.

औषधांचा दोष किती?

नातेवाइकांचा पहिला संशय औषधांवर जातो. तो अगदीच चुकीचा नाही. तोंडाने घेतलेले स्टेरॉइड जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ चालले तर संसर्गाचा धोका नक्की वाढतो. क्षयरोग शरीरात सुप्त असेल तर सोरायसिसवरची काही जैविक औषधे तो जागा करू शकतात. भारतासारख्या देशात ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी टाळता येत नाही. टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांच्या गटावर अमेरिकी औषध प्रशासनाचा गंभीर संसर्गाचा ठळक इशारा आहे. याच टोफासिटिनिबच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या भारतात सहज मिळतात आणि त्वचेच्या नाना विकारांसाठी लिहून दिल्या जातात.

मेथोट्रेक्सेट या स्वस्त आणि उपयुक्त औषधाची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. इतर सगळ्या गोळ्या रोज, ही एकच आठवड्याची. त्यामुळे चिठ्ठी वाचताना, पुडी बांधताना किंवा घरी घेताना चूक होते आणि ती रोज घेतली जाते. काही दिवसांत तोंड सोलते, मग अस्थिमज्जेतल्या पेशी घटतात आणि साधा जंतूही रक्तात मोकळा फिरू लागतो. जगभरच्या औषधसुरक्षा यंत्रणांनी या चुकीबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. गोळी घेण्याचा वार मोठ्या अक्षरात आणि मराठीत पाकिटावर लिहिणे हा त्यावरचा जवळजवळ फुकटचा उपाय आहे.

पण औषधांकडे बोट दाखवताना दुसरी बाजू निसटते. आजार अनियंत्रित राहणे हाच मोठा धोका असतो. इसबावरच्या डुपिलुमॅब या जैविक औषधाच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात गंभीर आणि त्वचेचे जिवाणूजन्य संसर्ग, औषध न मिळालेल्या गटापेक्षा कमी आढळले. प्रतिकारयंत्रणेचा एक भाग रोखूनही संसर्ग घटला, कारण त्वचा सावरली आणि बांध पुन्हा उभा राहिला. हे औषध महाग आहे आणि सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर आहे. पण त्यातला धडा स्वस्त उपचारांनाही लागू होतो. भीतीने औषध सोडून देणारा रुग्ण स्वतःला सुरक्षित करत नाही. पेम्फिगस किंवा सोरायसिसच्या रुग्णाने तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड एकाएकी बंद केले, तर आजार उसळून येतो. सोरायसिसमध्ये ती पुवाच्या पुटकुळ्यांची लाटही त्यातूनच येऊ शकते.

मलमांचा मोकळा बाजार

धोका वाढवणारी एक साखळी मात्र पूर्णपणे आपली, माणसांनी तयार केलेली आहे. गजकर्ण असो, इसब असो की काळे डाग, दुकानात जाऊन ‘खाजेचे मलम’ मागितले, की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. खाज दोन दिवसांत थांबते, आजार आतून पसरतो, त्वचा पातळ होते. इंडियन असोसिएशन ऑफ डर्मॅटॉलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध खास कृतिगट नेमला. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, काउंटरवरचा व्यवहार फारसा बदलला नाही. यात भर पडते ती ‘देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांची. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा प्रकार नवा नाही. रुग्णाला आपण स्टेरॉइड घेत होतो हेच माहीत नसते. मग तो डॉक्टरला काय सांगणार?

प्रतिजैविकांचीही तीच गत. इसब थोडा चिघळला, की गोळ्या सुरू होतात. ब्रिटनमध्ये सौम्य संसर्ग झालेल्या इसबाच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडाने किंवा मलमातून दिलेल्या प्रतिजैविकांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही; त्वचेच्या दाहावर नीट उपचार हेच महत्त्वाचे ठरले. अनावश्यक प्रतिजैविकांची किंमत पुढे चुकवावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यातील रुग्णालयांत अलीकडच्या वर्षांत सापडलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसपैकी ४० टक्क्यांहून अधिक जंतू मेथिसिलिनला दाद न देणारे आहेत. म्हणजे रक्तात हा जंतू सापडला, तर नेहमीचे, स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक औषध जवळपास निम्म्या वेळा निरुपयोगी ठरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याचे यश परिषदांच्या सभागृहांत जोखता येणार नाही. ते या मलमांच्या काउंटरवर जोखावे लागेल.

वॉर्डात काय बदलता येईल?

रुग्णालयातला संसर्ग अनेकदा उपचाराच्या साधनांतूनच शिरतो. सोललेल्या त्वचेतून घातलेली सलाईनची सुई, दिवसेंदिवस तशीच राहिलेली सेंट्रल लाइन, लघवीची नळी हे जंतूंचे राजमार्ग ठरतात. सुई शक्यतो चांगल्या त्वचेत घालणे, गरज संपताच काढणे, रोज त्या जागेकडे पाहणे, हात धुणे, जखमेला चिकटणार नाही अशी पट्टी वापरणे, या गोष्टींना महागडे यंत्र लागत नाही. लागतात ती माणसे आणि वेळ. जळीत रुग्णांसाठी वेगळा कक्ष असावा हे आता सर्वमान्य आहे. तितकीच त्वचा गमावलेला पेम्फिगसचा किंवा एरिथ्रोडर्माचा रुग्ण मात्र बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण वॉर्डात, न्यूमोनियाच्या रुग्णाशेजारी झोपलेला असतो. त्वचारोगांसाठी अतिदक्षता कक्षाची मागणी देशातले तज्ज्ञ बरीच वर्षे करत आहेत.

त्वचेचा बांध सावरला तर रक्तातला संसर्ग खरेच घटतो का, याचा एक लक्षणीय पुरावा शेजारच्या बांगलादेशातून आला आहे. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात अकाली जन्मलेल्या, अतिशय नाजूक त्वचेच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हळुवार लावले गेले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या बाळांत रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. अकाली जन्मलेले बाळ आणि सोरायसिसचा प्रौढ रुग्ण यांची थेट तुलना करता येत नाही, आणि कोणत्याही तेलाने सेप्सिस टळतो असा याचा अर्थ नाही. पण त्वचेची साधी निगा हा शोभेचा उपचार नसून संसर्ग रोखण्याचा उपाय असू शकतो, एवढे त्यातून ठळकपणे दिसते. आपल्याकडे मात्र मॉइश्चरायझर हे सौंदर्यप्रसाधन मानले जाते. तीव्र इसबाच्या किंवा एरिथ्रोडर्माच्या रुग्णाला रोज कितीतरी लावावे लागते, आणि साध्या पेट्रोलियम जेलीवर भागते तरी ती सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर हमखास मिळेल याची खात्री नसते. वीस-पंचवीस रुपयांच्या डबीअभावी बिघडलेला रुग्ण पुढे अतिदक्षता विभागात रोज हजारोंचा खर्च करतो.

घरी कशावर लक्ष ठेवावे?

पसरलेला इसब, सोरायसिस किंवा फोडांचा आजार असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना काही खुणा पाठ असायला हव्यात. हुडहुडी भरून येणारा ताप, किंवा उलट अंग गार पडणे; एका जागेचे दुखणे झपाट्याने वाढणे; चट्ट्यातून पू, वास किंवा मधासारखी पिवळी खपली; नव्याने सुरू झालेली पाठदुखी वा सांध्याची सूज; धाप; लघवी कमी होणे; बोलण्यात गोंधळ किंवा न उतरणारी गुंगी. यांतले काहीही दिसले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्याने ताप किरकोळ असला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोबत चालू औषधांची पाकिटे न्यावीत; लावलेली मलमे आणि घेतलेल्या पुड्याही दाखवाव्यात, ओरडा बसेल म्हणून लपवू नयेत.

रोजच्या निगेत कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, कापलेली नखे, वेगळा टॉवेल, साखर ताब्यात आणि पायांच्या भेगांकडे लक्ष एवढे तरी असावे. उघड्या जखमेवर शेण, राख किंवा झाडपाल्याचा कच्चा लेप लावू नये. आणि अंगभर आजार असलेल्या माणसाची किळस करू नये. हे आजार स्पर्शाने पसरत नाहीत. किळस वाटणाऱ्या घरात रुग्ण अंग झाकून घेतो, पाठीवरची जखम कोणी पाहत नाही आणि पहिला दिवस वाया जातो. सेप्सिसमध्ये तास मोजायचे असतात, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. त्वचेच्या रुग्णाचे ते तास बरेचदा रुग्णालयाच्या दाराबाहेरच संपलेले असतात.

जिनिव्हातल्या ठरावाने सदस्य देशांना त्वचारोगांसाठी प्राथमिक पातळीवर प्रशिक्षण, औषधे आणि निदानाची सोय करायला सांगितले आहे. महाराष्ट्रात त्वचारोगतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. तालुक्याच्या गावात इसबाचा रुग्ण सर्वप्रथम भेटतो तो आशा सेविकेला, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा औषध दुकानदाराला. या तिघांना ‘हा रुग्ण मलमाचा नाही, पुढे पाठवण्याचा आहे’ एवढे ओळखता आले, प्राथमिक आरोग्य केंद्रात जेली आणि साधे मॉइश्चरायझर कायम राहिले, जिल्हा रुग्णालयात प्रतिजैविकाआधी ब्लड कल्चर घेण्याची शिस्त लागली आणि मलमांवरचा २०१८चा नियम दुकानांत खरोखर पाळला गेला, तर या मृत्यूंपैकी कितीतरी टाळता येतील. यासाठी नवा शोध लागायची गरज नाही. त्वचेचा आजार वरवरचा असतो, ही समजूत आधी वॉर्डातून आणि मग घरातून निघायला हवी.